चौघांनी काही केलं नाही

शाळेत त्यांना सगळे 'स्वल्पविराम बाई' म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. बोलता बोलता त्या मध्येच थांबत, खिडकीबाहेर पाहत, वर्गाला वाटे वाक्य संपलं, आणि मुलं पेन खाली ठेवतात न ठेवतात तोच बाई उरलेलं अर्धं वाक्य पुढे सुरू करत. हे नाव कोणत्या वर्षीच्या मुलांनी ठेवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंच्या कानावर ते कधीच आलेलं होतं. राग येत नसे. 'पूर्णविराम' म्हटलं असतं तर कदाचित आला असता.

बाई एकोणतीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवत होत्या. वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. एकदा दुकानात नवं मशीन आलं आणि त्याबरोबरचं माहितीपुस्तक निघालं अख्खं इंग्रजीत. वडिलांना इंग्रजीचा गंध नव्हता, थोरल्या मुलीला, म्हणजे ताईला, असल्या कामाचा कंटाळा. तेव्हा धाकटी शब्दकोश मांडीवर घेऊन बसली आणि बारा दिवसांत तिनं ते पुस्तक वडिलांना उलगडून सांगितलं. 'सुईपासून बोटं दूर ठेवा' हे तिला आयुष्यात कळलेलं पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य. पुढे ताई परिचारिका झाली आणि ही शिक्षिका. व्याकरण म्हणजे बाईंच्या हातचा मळ. वही उलटी धरली तरी क्रियापद कुठे चुकलंय ते सांगतील, असं शिक्षकांच्या खोलीत म्हटलं जाई. बरोबर काय आणि चूक काय, हे आधीच ठरलेलं असतं अशा जगात त्यांची उभी हयात गेली होती.

त्या वर्षी मात्र एका कागदानं सगळं बिघडवलं.

सुट्टीत दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेला तरुण बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान दिसत होता. तो म्हणाला, मुलांनी गट करून साहित्याचा प्रकल्प करायचा. पण खरं महत्त्व प्रकल्पानंतरच्या पानाला. प्रत्येकानं स्वतंत्र एक पान लिहायचं: मी काय केलं, मी काय शिकलो, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. या पानाला म्हणायचं रिफ्लेक्शन. त्याला दहा गुण.

"याला आपल्याकडे काय म्हणायचं?" बाईंनी शाळेत परतल्यावर विचारलं.

"परावर्तन," विज्ञानाचे सर डबा उघडता उघडता म्हणाले. "जेवढ्या कोनातून येईल तेवढ्याच कोनातून परत."

गणिताच्या बाईंचं म्हणणं पडलं 'प्रतिबिंब'. मुख्याध्यापिका 'आत्मचिंतन' म्हणाल्या आणि तो शब्द ऐकून सगळे उगाचच गंभीर झाले. स्वल्पविराम बाईंनी तिन्ही शब्द वर्गात फळ्यावर लिहिले. मुलांना वाटलं समानार्थी शब्द आहेत. त्यांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतले.

प्रकल्प होता एका लांब गोष्टीवर. नदीकाठचं एक गाव. पूर आला तर मनोऱ्यावरची घंटा वाजवायची, एवढंच काम असलेला एक म्हातारा. एके दिवशी भर दुपारी पूर आला आणि घंटा वाजली नाही. का वाजली नाही, हे गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही. मुलांनी चार-चारचे गट करून यावर काहीतरी करायचं होतं. बहुतेकांनी तक्ते रंगवले. एका गटानं मात्र बाईंना खुर्चीत सरसावून बसायला लावलं. त्या चौघांनी चौकशी समिती नेमली होती. म्हाताऱ्याची साक्ष, त्याच्या सुनेची साक्ष, नावाड्याची साक्ष, सगळं इंग्रजीत, आवाज बदलून मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. बरोबर गावाचा नकाशा: पाणी कुठून शिरलं, घंटेचा आवाज कुठवर गेला असता, सगळं त्यात. आणि शेवटी समितीचा निष्कर्ष असा, की म्हाताऱ्याला कित्येक वर्षांपासून ऐकू येत नव्हतं आणि त्यानं ते गावापासून लपवलं होतं. लोक ओरडत आले, ते त्याला कळलंच नाही. गोष्टीत याचा उल्लेख नव्हता, पण एकदा ऐकल्यावर दुसरं काही खरं वाटेना.

मग पानं आली. पहिल्या खेपेला चाळीसच्या चाळीस एका साच्यातून काढल्यासारखी. 'मी सहकार्याचे महत्त्व शिकलो. अडचणी आल्या पण आम्ही मात केली.' बाईंनी गठ्ठा परत केला.

"इंग्रजीत लिहू नका," त्या म्हणाल्या. वर्गानं चमकून पाहिलं; बाईंच्या तोंडून हे वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं. "घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत लिहा. शुद्धलेखन तपासणार नाही. फक्त खरं लिहा."

दुसऱ्या खेपेला खरं आलं. इतकं खरं, की एकानं लिहिलं होतं, 'मी फक्त बिस्किटं आणली.' बाई एकट्याच हसत बसल्या. आणि मग चौकशी समितीवाल्या चौघांची पानं हाती आली.

गटात एक होती कप्तान, शाळेच्या बास्केटबॉल संघाची. तिनं लिहिलं होतं: 'मी काही केलं नाही. मी नुसती भांडले.' दुसरा डॉक्टर. अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं म्हणून हे नाव. बाईंनी बरीच खटपट करून वाचलं: 'मी काहीच केलं नाही, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणालो.' तिसरा रेडिओ, ज्याचं तोंड झोपेतही बंद होत नसेल. 'माझं काही काम नव्हतं, मी फक्त आवाज काढले.' आणि चौथी त्याच वर्षी शाळेत आलेली मुलगी, जिला अजून सगळे नुसतं 'नवी' म्हणत. तिनं एकच ओळ लिहिली होती. 'मी काही केलं नाही, त्यांनी मला घेतलं.'

बाईंनी चारही पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. वर्गातलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते कोणीच केलेलं नाही.

"घरून करून आणलं असणार," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "कोणाच्या तरी मामानं, काकानं. विचारून घ्या, बाई. नोंद करावी लागेल."

"स्वतःच कबूल केलंय ना?" विज्ञानाचे सर म्हणाले. "मग शून्य द्या आणि मोकळ्या व्हा."

बाईंना दोन्ही पटेना, पण आपल्याला काय पटतंय हेही कळेना. त्यांनी चौघांना ग्रंथालयामागच्या खोलीत बोलावलं. जुने गुंडाळलेले तक्ते, मोडक्या खुर्च्या, चाकांचा एक छोटा फळा. चौघं दाटीवाटीनं एकाच बाकावर बसले.

"प्रकल्प कोणी केला?" बाईंनी विचारलं.

"आम्ही," रेडिओ म्हणाला.

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही चौघांनी."

"पण तू तर लिहिलंयस, माझं काही काम नव्हतं."

"हो."

"मग?"

रेडिओ गोंधळला. "म्हणजे मी नाही केलं, बाई. आम्ही केलं."

बाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. तिघांनीही मान हलवली, जणू यात न कळण्यासारखं काही नव्हतंच.

इथेच थांबायला हवं होतं, असं बाई पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिल्या. पण दहा गुण डोक्यावर होते, आणि प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना नेमके प्रश्न विचारा. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर चार रकाने आखले. "बरं, एकेक बघू. साक्षी लिहिल्या कोणी?"

नवीनं बोट वर केलं. "पण बोलत हे होते. मी उतरवत होते."

"नावाड्याची साक्ष हवी, हे कोणाचं?"

"माझं," डॉक्टर म्हणाला. मग जरा थांबून, "बहुतेक."

रकाने भरायला लागले. मुलांनाही गंमत वाटू लागली. बाकावर वाकून ती आपापल्या रकान्याकडे पाहू लागली. आणि बाई म्हणाल्या, "आता मुख्य गोष्ट. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, हे कोणाला सुचलं?"

"मला," कप्तान म्हणाली.

नवी खाली पाहत होती. "ते माझं होतं," ती हळूच म्हणाली.

"अगं, मी नाही का म्हटलं, की चौकशीत त्याला तेच विचारू?"

"त्याच्या आधी मी म्हणाले."

"तू बोलतेस कधी, की आधी म्हणशील?"

कप्तान हे तोडून बोलली नव्हती. भांडणात बोलतात तसं बोलली होती. पण नवीचा चेहरा पडला, आणि मग डॉक्टर म्हणाला, की तसं पाहिलं तर नकाशा त्याचा होता आणि तरी सादरीकरणात श्रेय कप्ताननंच घेतलं. रेडिओ म्हणाला, आवाज नसते तर नकाशा काय चाटायचा होता? तास संपला तेव्हा चौघं एकेकटे खोलीबाहेर पडले. बाई हातात खडू घेऊन तशाच उभ्या.

चौघांनी सुधारलेली पानं दिली. कप्तानच्या पानात 'मी' अकरा वेळा होतं. बाईंनी सवयीनं मोजलं आणि मग मोजल्याचीच लाज वाटली. डॉक्टरनं क्रमांक टाकून सात कामं लिहिली होती, तीही सुवाच्य अक्षरात. रेडिओनं मिनिटं लिहिली होती, कोणत्या साक्षीत त्याचा आवाज किती मिनिटं. प्रशिक्षणातला तरुण असता तर या तिन्ही पानांना त्यानं दहापैकी दहा दिले असते. नवीच्या पानावर होतं: 'मला आता नीट आठवत नाही. मी काही केलं असेल तर ते काढून टाका.'

वर्गात चौघं आता चार बाकांवर बसू लागले. नवी अगदी शेवटी, भिंतीपाशी.

बाईंना घरातही चैन पडेना. नवऱ्याचं औषधांचं दुकान. तो आला की हातपाय धुऊन आधी त्यांचं ऐकून घेई. त्यानं सगळं ऐकलं. "पण अहो, मी चूक काय केली, ते तरी सांगा," बाई म्हणाल्या.

"तू विचारलंस," तो म्हणाला.

"विचारणं चूक आहे का?"

"नाही," तो म्हणाला, आणि ताटं घ्यायला उठला.

रविवारी त्या ताईकडे गेल्या. ताई निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. भाजी निवडताना बाईंच्या तोंडून निघून गेलं, "ताई, बाबांच्या शेवटच्या आजारात सगळं तूच केलंस, नाही?"

ताईचा हात थांबला. "मी? मी तर ड्युटीवर असायची. केलंस ते तू."

"मी कुठे? औषधं तू द्यायचीस, अंग तू पुसायचीस. दाढीसुद्धा तूच करायचीस त्यांची."

"दाढी तू करायचीस. माझा हात कापायचा."

"ताई, मला चांगलं आठवतंय."

"मलाही चांगलं आठवतंय." ताईचा आवाज चढला. मग ती उठली, भाजीची परात उचलून ओट्यापाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "हे बघ, इतकी वर्षं मी या आधारावर झोपते की तू होतीस. आता त्याची उलटतपासणी नको करूस."

परत येताना बाईंना काहीतरी समजल्यासारखं वाटत होतं, पण ते काय, हे चौकापर्यंत येईतो निसटून गेलं.

पुढच्या आठवड्यात पालक-भेटीचा दिवस होता. मुख्याध्यापिकांना त्या प्रकल्पाचा संशय असला, तरी पाहुण्यांसमोर मांडायला तोच हवा होता. नकाशा मात्र अर्ध्या कार्डशीटवरचा, मागच्या रांगेतून दिसणं अशक्य. बाईंनी चौघांना सभागृहात नेलं. तिथे भिंतभर फळा होता.

"हा मोठा करून काढायचाय," त्या म्हणाल्या. "मी मागे वह्या तपासत बसते. मला काही विचारू नका."

बराच वेळ नुसती टंगळमंगळ चालली. डॉक्टर खडू सोलत बसला. शेवटी कप्ताननं एक रेघ ओढली. नदी.

"एवढी सरळ नदी असते का?" डॉक्टर म्हणाला.

"मग तू काढ."

त्यानं वळण काढलं. वळणामुळे पूल सरकला, पुलामुळे मनोरा कुठे घ्यायचा हा प्रश्न आला. कप्तानचं म्हणणं डावीकडे, डॉक्टरचं म्हणणं तिथून आवाज पोचणारच नाही. दोघं तावातावानं बोलू लागले. नवी जवळ सरकली, आणि कोणी काही न सांगता तिनं दोघांच्या मधल्या जागेत मनोरा काढून टाकला. दोघांनी पाहिलं आणि भांडण पुढच्या गोष्टीवर गेलं. बाईंचं लाल पेन एकाच वहीवर टेकलेलं राहिलं.

रेडिओ एवढा वेळ मंचाच्या पायऱ्यांवर बसून होता. आता तो उठला, कमरेत वाकला आणि मनोऱ्यापाशी जाऊन म्हातारा झाला. "हं? काय म्हणालात?" त्यानं कानाला हात लावला. "पाणी? पाणी हवंय का? घरात आहे, घ्या."

नवी हसली. मग हसता हसता थांबली. "तू तेव्हाही असंच केलं होतंस."

"केव्हा?"

"पहिल्या दिवशी. माझ्या घरी. आपण गोष्ट वाचत होतो आणि तू मध्येच हे केलंस. मी हसले आणि म्हणाले, अरे, याला ऐकूच येत नसेल."

कप्तान खडू हातात धरून उभी होती. "हो," ती सावकाश म्हणाली. "आणि मी म्हणाले, मग चौकशीत तेच विचारू."

"मी म्हणालो, शक्य नाही," डॉक्टर म्हणाला. "ऐकू येत नाही तर गावाला इतकी वर्षं कळलं कसं नाही? मग त्यावर आपण सूनबाईची साक्ष घातली."

"म्हणजे सुचलं कोणाला?" कप्ताननं विचारलं. या वेळी ती खरोखरच विचारत होती.

तिघं रेडिओकडे पाहू लागले. रेडिओ स्वतःच्याच सदऱ्याकडे, जणू तिथे काही सांडलंय. "मला काही सुचलं नव्हतं," तो म्हणाला. "मी उगाच करत होतो."

मग डॉक्टर म्हणाला की घरं अजून राहिलीत, आणि चौघं घरं काढायला लागले.

सगळं पूर्ववत झालं, असं मात्र नाही. कप्ताननं नवीची माफी मागितली का, ते बाईंना कधी कळलं नाही. वर्गात नवी शेवटच्या बाकावरून दुसऱ्या रांगेत आली, रेडिओच्या शेजारी. डॉक्टर होता तिथेच राहिला, त्याला खिडकी हवी होती म्हणे. पालक-भेटीला नकाशा सगळ्यांना आवडला. एका पालकानं तो कोणी काढला असं विचारलं तेव्हा चौघं एकदम बोलू लागले आणि त्या गृहस्थांना काहीही समजलं नाही.

गुणांचा तक्ता भरायची वेळ आली तेव्हा बाईंनी चौघांना आठ-आठ दिले.

"आठच का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग दहा का नाही?"

"तेही माहीत नाही."

"बाई, शेरा काय लिहू मी?"

बाईंनी विचार केला. "लिहा, की काम त्यांनीच केलेलं आहे. मी पाहिलं."

पुढच्या वर्षी त्यांनी पानावरचा प्रश्न बदलला. 'मी काय केलं' हे खोडून लिहिलं: 'गटात कोणी बोललेलं असं काय आहे, जे अजून तुमच्या डोक्यात आहे?' उत्तरं आली ती आधीपेक्षा जास्त गुंतागुंतीची. कोणी दुसऱ्याचं वाक्य लिहून त्यावर पानभर वाद घातला, कोणी आपण कसे चुकीचे होतो ते दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं, एकीनं लिहिलं की तिला एक वाक्य आठवतंय पण ते कोणाचं ते आठवत नाही आणि ते आपलंच निघेल अशी भीती वाटते. बाई ही पानं वाचताना रमून जात. गुण द्यायला पेन उचललं की पुन्हा तीच पंचाईत.

सुट्टीत प्रशिक्षण परत झालं. तोच तरुण. त्यानं बाईंना उभं करून अनुभव सांगायला लावला. बाईंनी सगळं सांगितलं: चार पानं, चार रकाने, शेवटचा बाक, फळा. ताईचं नाही सांगितलं.

एका नव्या शिक्षिकेनं वही उघडून विचारलं, "मग बाई, आम्ही वर्गात नक्की काय करायचं?"

"ते मला अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सध्या मी एवढंच करते. काम झालं की त्यातला एखादा तुकडा त्यांना परत करायला लावते आणि मागे जाऊन बसते. कधी काही दिसतं, कधी नुसतीच भांडणं."

शिक्षिकेनं ते लिहून घेतलं. मग जे लिहिलं ते एकदा वाचलं, आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.